शंकाआत्याचं फॉल्ट रजिस्टर

सोमवारी दुपारी एकच्या सुमाराला जिन्यात बातमी पक्की झाली होती की, शंकाआत्यानं भावजयीचे सात महिन्यांचे धडे रागाच्या भरात पुसून टाकले. तळमजल्यावर ते नुसते ‘पुसले’ होते. पहिल्या मजल्यापर्यंत येईतो आत्याच्या हातात हातोडा आला, आणि गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्यांना कळलं तेव्हा भावजय बॅग भरून माहेरी निघालीसुद्धा होती.

यातलं खरं एवढंच, की आत्याच्या हातात काहीतरी होतं. पण हातोडा नव्हे, स्क्रूड्रायव्हर. धडे कुणी पुसले नव्हते. भावजयीची बॅग माळ्यावरच होती, आणि भावजय स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती, रडायचं की ओरडायचं ते अजून ठरायचं होतं. झालं होतं ते असं: सकाळी नऊला घरातला कॉम्प्युटर सुरू केला, पडद्यावर चिन्ह आलं, चिन्हाखाली ते गोलगोल फिरणारं चक्र आलं, आणि ते चक्र फिरतच राहिलं. पुढे काही येईना, मागे काही जाईना.

आता ही शंकाआत्या म्हणजे कोण, ते सांगायला हवं. आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं आहे, पण ते आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलंय. एकतीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुरुस्ती खात्यात होती. छताला टेकलेल्या लोखंडी मांडण्या, त्यांवर हजारो तारा, आणि त्यातल्या नेमक्या कुठल्या तारेवर कुणाचं बोलणं अडकलंय ते हुडकायचं. तिथं संशय हा दुर्गुण नव्हता, ती नोकरीच संशयाची होती. निवृत्त झाली तेव्हा तारा तिथंच राहिल्या आणि संशय तेवढा घरी आला.

दूध उतू गेलेलं डोळ्यांनी बघितलं तरी ते तापलंय का म्हणून बोट बुडवून बघणारी ही बाई. कुलूप लावलं की तीनदा ओढणार, चौथ्यांदा भावाला ओढायला लावणार, आणि त्यानं नीट ओढलं असेल कशावरून, म्हणून पाचव्यांदा पुन्हा स्वतः. दाराच्या भिंगातून माणसं बाहेरचा कोण आलाय ते बघतात, ही स्वतः बाहेर पडतानासुद्धा आधी भिंगाला डोळा लावते. कुणीतरी एकदा विचारलं, “आत्या, बाहेर कोण असणार?” तर म्हणाली, “तेच बघते.”

घरात माणसं तीन. आत्या, तिचा धाकटा भाऊ आणि भावाची बायको. भाऊ चष्मेवाला, कोपऱ्यावरच्या दुकानात बसून दिवसभर लोकांना खालची ओळ वाचायला लावतो, सोमवारी दुकान बंद. बायको अंध मुलांच्या शाळेसाठी पुस्तकं वाचते. म्हणजे मोठ्यानं वाचते आणि आवाज नोंदवून ठेवते. बाहेरच्या गाड्यांचा आवाज येऊ नये म्हणून ती कपाटाच्या खोलीत चारी बाजूंना रजया टांगते, मध्ये स्टूल टाकते, आणि घाम पुसत पुसत भूगोल वाचते. जिन्यात तिला ‘कपाटातली’ म्हणतात. बंद कपाटातून हळू आवाजात बोलणं ऐकू आलं की आत्या दार वाजवते, “कुणाशी बोलतेस गं?” सात महिन्यांत हे किती वेळा झालं त्याची गणती नाही. भावजय बाहेर येते, “ज्वालामुखीशी, वन्सं,” म्हणते, आणि धडा पहिल्यापासून वाचते.

असे एक्केचाळीस धडे झाले होते. सोमवारी तीन वाजता शाळेचे सर स्वतःची डिस्क घेऊन ते न्यायला येणार होते. परीक्षा पंधरा दिवसांवर. आधीचा वाचक अर्ध्यावर सोडून गेला होता, त्यामुळे त्या वर्गाच्या मुलांजवळ भूगोल म्हणून दुसरं काही नव्हतंच. भावजयीच्या आवाजात होता तेवढाच. आणि तो आवाज त्या मशीनच्या पोटात होता. रेकॉर्डरचं कार्ड छोटं. रोजचा धडा मशीनमध्ये उतरवला की ते पुसायचं, असा तिचा शिरस्ता. कार्डावर राहिला होता फक्त रविवारी संध्याकाळी वाचलेला शेवटचा धडा. चाळीस आत, एक बाहेर.

काम भावजयीचं असलं तरी मशीनवर राज्य आत्याचं. तिनं ते निवडलं, तिनं ते जुळवलं, त्यात ऑपरेटिंग सिस्टीमही तिनं मुद्दाम अशी घातली की जिचं पोट उघडून बघता येतं. ज्याचं झाकण निघत नाही त्याच्यावर तिचा विश्वास नाही. माणसांचं झाकण निघत नाही, ही तिची कायमची अडचण.

तर चक्र फिरत होतं. आत्यानं पहिलं काम केलं ते मशीनला हात न लावण्याचं. तिनं स्वयंपाकघरातला टायमर आणला, आपली लांबोडकी वही आणली आणि खुर्ची ओढून बसली. ती वही म्हणजे एक्स्चेंजमधल्यासारखं फॉल्ट रजिस्टर. मशीनमध्ये जे जे बदललं ते तारखेनिशी, कारणानिशी, खाली सही करून. पानांवर क्रमांकसुद्धा तिनं स्वतः घातलेत, म्हणजे कुणी पान फाडलं तर कळावं.

“शनिवारी धड होतं. आज नाही,” ती म्हणाली. “मधल्या मध्ये कुणी काय केलं?”

“मी काही नाही केलं,” चष्मेवाला म्हणाला. जरा जास्तच लवकर.

“इतक्या घाईनं ‘नाही’ म्हणणाऱ्याची मला सवय आहे. फोन बंद म्हणून तक्रार करणाऱ्यानंच बहुतेक वेळा रिसीव्हर वाकडा ठेवलेला असायचा. बोल.”

“ताई, मी फक्त बुद्धिबळाचा एक डाव बघत होतो. मध्येच चौकट आली, अपडेट तयार आहे, करू का म्हणून.”

“मग?”

“मग हो म्हटलं. ती जाईचना समोरून.”

“आणि?”

“आणि मग विचारलं, जुनी आवृत्ती काढून जागा मोकळी करू का. त्यालाही हो म्हटलं.”

“वाचलंस तरी का काय विचारतायत ते?”

“वजीर पणाला लागला होता गं.”

आत्यानं डोळे मिटले. नवं बिघडलं तर जुन्यावर परत जाता यावं म्हणूनच ती जुनी आवृत्ती ठेवलेली असते. म्हणजे ह्यानं घरात शिरून मागचं दार कायमचं बंद करून टाकलं होतं. “दिवसभर दुसऱ्यांना खालची ओळ वाचायला लावतोस,” ती म्हणाली, “स्वतः एक वाचायला काय धाड भरली होती?” आणि वहीत लिहिलं: रविवार, दुपार, अपडेट, आरोपी भाऊ.

“आणि तू गं?”

“मी रेकॉर्डिंग केलं आणि झोपले, वन्सं. मशीनला हात नाही लावला,” भावजय म्हणाली. पण हे म्हणताना तिची नजर क्षणभर मशीनच्या मागच्या बाजूला जाऊन आली. आत्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तशी ती आठवडाभर चुकचुकतच होती. दुपारी आत्या आडवी झाली की भावजय चवड्यांवर चालत त्या खोलीत जायची, वाकायची, काहीतरी खुडबुड करायची आणि मूठ मिटून बाहेर यायची. हे आत्याला कसं ठाऊक? आत्या दुपारी झोपत नाही. नुसते डोळे मिटते.

साडेअकराला आत्यानं बटण दाबून धरून मशीन बंद केलं. प्रिंटर सोडवला, स्पीकर सोडवला, पुन्हा सुरू केलं. चिन्ह, चक्र. मग तिनं एक बटण दाबून ते चिन्हच बाजूला सारलं. त्याच्या आड मशीन काय पुटपुटतंय ते ओळीओळीनं दिसायला लागलं. “गोड चेहरा करून गप्प बसणाऱ्याला आधी पडद्यामागे न्यावं,” ती म्हणाली, आणि भावजयीला ते उगीचच लागलं. ओळी भराभरा सरकल्या आणि एकीवर येऊन थांबल्या. तिचा अर्थ असा होता: दुसऱ्या क्रमांकाच्या डिस्कची वाट पाहत आहे. मर्यादा नाही.

चष्मेवाल्यानं वाचलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. “दुसरी डिस्क म्हणजे तीच ना? धडे ठेवलेली?”

“तीच.”

“मेली?”

“माझे चाळीस धडे!” भावजय म्हणाली, आणि ओट्याला टेकायला गेली ती याच वेळी. दार उघडं होतं. जिन्यातून कुणीतरी जात होतं. हातोडा आला तो इथून.

“मेली असं मशीन म्हणतंय,” आत्या म्हणाली. “मशीनवर मी कधीपासून विश्वास ठेवायला लागले?” तिनं झाकणाचे स्क्रू काढले, पोटातली केबल बोटानं दाबून पाहिली, मग लाकडी पट्टीचं एक टोक डिस्कला टेकवलं आणि दुसरं कानाला. एक्स्चेंजमधली जुनी खोड. डिस्क फिरत होती. ठणठणीत, मांजरीसारखी गुरगुरत. म्हणजे डिस्क जागेवर, जिवंत, आणि मशीन म्हणतंय आली नाही. दोघांच्या मध्ये कुणीतरी बसलंय.

आत्याचे गुडघे वाकत नाहीत. पण मांडणीच्या मागे बघायला वापरायचा तो दांड्याचा छोटा आरसा तिनं निवृत्तीच्या दिवशी बरोबर आणला होता. तो तिनं मशीनच्या मागे सरकवला. आरशात, धुळीत, एक इवलासा निळा दिवा लुकलुकत होता.

“हे काय?”

भावजय आली. तिनं आरशात वाकून पाहिलं. मग एकदम म्हणाली, “कार्ड वाचायची डबी आहे ती. रेकॉर्डरचं कार्ड तिच्यात घालायचं. मंगळवारी आणली. आधीची वायर ढिली झाली होती, धडा अर्ध्यात तुटायचा.”

“मला सांगितलं नाहीस.”

“सांगितलं असतं तर तुम्ही तिच्यावर आठ दिवस पाळत ठेवली असतीत, वन्सं. मला एक्केचाळीस धडे करायचे होते.”

आत्यानं डबी उपटली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. चिन्ह आलं, चक्र दोनदा फिरलं, आणि मशीन असं उघडलं जसं काही झालंच नव्हतं. धडे सगळे होते. चाळीसच्या चाळीस.

मग चष्मेवाला बायकोकडे वळला. आता त्याला धीर आला होता. आपला अपडेट सुटला, डबी अडकली. “तरी मी म्हणत होतो,” तो म्हणाला. काय म्हणत होता ते कुणालाच आठवत नव्हतं, त्यालाही नाही.

भावजयीनं मान खाली घातली. “चुकलं माझं,” म्हणाली. “पण आता वन्सं, हात जोडते, सर येईपर्यंत मशीनला कुणी हात लावायचा नाही. बंद तर मुळीच करायचं नाही.”

“नाही लावत,” आत्या म्हणाली.

दोघं जेवायला बसली. आत्या खुर्चीतच राहिली, ती निळी डबी तळहातावर घेऊन. आठवडाभर जिच्यावर डोळा ठेवला ती भावजय चोर निघाली होती, मुद्देमालासकट. इतका जमून आलेला संशय आयुष्यात क्वचित हाती लागतो. आनंद व्हायला हवा होता. पण तिला काहीतरी टोचत होतं. डबी मंगळवारी आली. मग बुधवार ते रविवार, पाच दिवस हेच मशीन याच डबीसकट उघडलं कसं? डबी निर्दोष म्हणावी, तर ती काढल्यावर मशीन चाललं. अपडेट दोषी म्हणावा, तर तो अजूनही तिथंच आहे आणि मशीन चालतंय. दोन चोर, आणि दोघांनाही साक्षीदार आहेत. म्हणजे तिसरा कुणीतरी आहे.

आणि ते दोन शब्द. ‘मर्यादा नाही’. मशीन कुणासाठी जन्मभर थांबत नाही. दीड मिनिट वाट बघतं आणि पुढे जातं. मर्यादा नाही असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं.

आत्यानं वही मागे मागे उलटली. सहा वर्षांपूर्वीच्या पानावर बोट थांबलं. अक्षर ओळखीचं होतं.

सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या डिस्कची केबल सैल झाली होती. मशीननं कुणाला न सांगता तिच्याशिवायच कारभार सुरू केला आणि तीन आठवड्यांचं काम भलत्याच जागी पडत राहिलं. दुधानं तोंड भाजलं होतं. तेव्हा आत्यानं मशीनच्या सुरुवातीच्या यादीत एक ओळ घातली: दुसऱ्या क्रमांकावरची डिस्क दिसल्याशिवाय दार उघडायचं नाही, कितीही वेळ लागो. डिस्कला स्वतःचा कायमचा लांबलचक आकडा असतो, तो लिहायचा सोडून तिनं लिहिली जागा. का? एकतीस वर्षांची सवय. एक्स्चेंजमध्ये माणसाचं नाव कुणी विचारत नसे. मांडणी तीन, ओळ अकरा, टोक दुसरं. तार आपण हलवल्याशिवाय जागा सोडत नाही, हे तिथलं अंतिम सत्य. इथं मात्र नव्या अपडेटनं रीत बदलली होती. आता सगळ्यांना एकदम हाक मारायची आणि जो आधी ‘हजर’ म्हणेल त्याला आधीचा क्रमांक. डबी चटपटीत, रिकामी, ओझं नाही. ती डिस्कच्या आधी धावत येऊन दुसऱ्या खुर्चीत बसली. डिस्क बिचारी तिसऱ्या खुर्चीत. आणि मशीन, दिलेल्या हुकुमाला जागून, दुसऱ्या खुर्चीसमोर हात बांधून उभं.

ओळीखाली कारणही लिहिलं होतं: ‘कुणावर विसंबू नये.’ आणि सही.

आत्यानं स्वयंपाकघराकडे पाहिलं. भावजय ताटात नुसतं चिवडत होती, चष्मेवाला तिला अपडेट म्हणजे काय ते समजावून सांगत होता. पान फाडलं तर? विचार आला नाही असं नाही. पण पानांना क्रमांक होते. फाडलेलं पान बघून उद्या सगळ्यात आधी संशय तिला स्वतःलाच आला असता.

दोन वाजून पंचवीस मिनिटांनी तिनं ती ओळ बदलली. जागा काढली, डिस्कचा कायमचा आकडा घातला. ‘मर्यादा नाही’ खोडून ‘अर्धा मिनिट, मग उघड आणि बोंब मार’ अशा अर्थाचं लिहिलं. डबी परत मागे खोचली. आणि पुराव्याशिवाय काही मानायचं नाही हा तिचा धर्म, तेव्हा मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं.

चिन्ह. चक्र.

भावजय हात धुऊन बाहेर आली आणि तिनं पडदा पाहिला. “वन्सं! बंद केलंत? शब्द दिला होतात!”

“गप. मोजतेय.”

“अहो सर निघाले असतील! तुम्हाला माझं काही बरं झालेलं बघवत नाही का? सात महिने दार वाजवलंत, ते पुरलं नाही?”

“नऊ,” आत्या म्हणाली. “दहा. अकरा.”

“ताई, काय केलंस हे!” चष्मेवाला उष्ट्या हातानं धावत आला.

“बारा,” आत्या म्हणाली. तेराला मशीन उघडलं. मागे निळा दिवा लुकलुकत होता, समोर चाळीस धडे होते. भावजयीनं पडद्याजवळ जाऊन ते एकेक करून मोजले.

“आता तुझा एक्केचाळिसावा उतरव,” आत्या म्हणाली. “डबी राहू दे तिथंच.”

सर तीनच्या ठोक्याला आले. पांढरी काठी दाराशी उभी केली, डिस्क पुढे केली, आणि धडे उतरत असताना मध्येच म्हणाले, “सतराव्या धड्याचा नमुना पाठवला होतात ना, त्यात चुकून पहिला, मोडलेला भाग आला आणि तो मुलांना पाठ झालाय. ज्वालामुखी फुटतो आणि मागून एक बाई विचारतात, कुणाशी बोलतेस गं? तो भाग मुलं परत परत लावतात.”

“त्या ह्याच,” भावजय म्हणाली.

“अस्सं,” सर म्हणाले आणि बरोबर आत्याच्या दिशेनं हसले. “मशीनमध्ये सकाळी काही अडचण होती म्हणे?”

“हिची एक डबी,” चष्मेवाल्यानं सांगायला सुरुवात केली. “न विचारता जोडलेली. तिनंच सगळं...”

भावजयीनं होकारार्थी मान हलवली. तिच्यापुरतं ते मिटलं होतं, धडे मिळाले होते. आत्या गप्प राहिली असती तर कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

आत्यानं फॉल्ट रजिस्टर टेबलावर ठेवलं, ते पान उघडलं आणि भावापुढे सरकवलं. “खालची ओळ वाच,” ती म्हणाली. “मोठ्यानं. सरांना ऐकू जाऊ दे.”

त्यानं वाचली. मग सही वाचली. मग आत्यानं जागा आणि आकडा, दुसरी खुर्ची आणि तिसरी खुर्ची, सगळं सांगितलं, स्वतःला एक शब्दही सूट न देता. आज लिहिलेली ‘आरोपी भाऊ’ ही नोंदही तिनं दाखवली. तिच्याखाली दुसरा आरोपी नव्या शाईनं घातलेला होता, पूर्ण नावानिशी, पेन्शनच्या कागदावर असतं तसं.

भावजयीनं वही जवळ ओढून ते नाव स्वतः वाचलं. चष्मेवाल्याला मात्र राहवेना. आयुष्यात अशी संधी त्याला पहिल्यांदाच आली होती. “म्हणजे ताई,” तो म्हणाला, “दुधापासून कुलपापर्यंत सगळ्या जगावर संशय घेतलास, आणि शेवटी चोर कोण? तूच!”

शंकाआत्यानं वही मिटली.

“हो, मीच. पण पकडला कुणी? तुझ्यावर सोपवलं असतं, तर ती बिचारी डबी फासावर गेली असती आणि तू दुसरा डाव लावून बसला असतास.”